दोस्ती कुठल्या उंबऱ्यापर्यंत?

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही पानटपरीवर विचारा, ‘दोस्ती करताना धर्म पाहता का?’ उत्तर एका सुरात येईल : ‘दोस्तीत कायचा आला धर्म, राजेहो!’ सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मोबाइलात वेगळ्या धर्माच्या दोन-चार जणांचे नंबर असतात, त्यांच्याशी उसनवारी असते, त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून तो खामगाव-मलकापूरचा बाजार करून आलेला असतो. पण त्यालाच पुढचं विचारा. तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत कोण येतं? वरची रिकामी खोली कुणाला भाड्याने देशील? ग्रुपवर कुणी त्या दोस्ताच्या अख्ख्या जमातीला शिव्या घातल्या, तर तू काय लिहितोस? प्रत्येक प्रश्नासरशी उत्तर यायला जरा जास्त वेळ लागतो.

धर्माचा फरक मैत्रीच्या आड येतो का, या प्रश्नाला समाजशास्त्रज्ञांनी, सुधारकांनी, पोलीस अधिकाऱ्यांनी आणि गावोगावच्या साध्या माणसांनी आपापल्या परीने उत्तरं दिलेली आहेत. ती शेजारी-शेजारी ठेवली की एवढं दिसतं : मैत्री जुळताना धर्म फारसा आडवा येत नाही, ती घरात किती आतवर जाईल आणि वेळ आली तर किती टिकेल, तिथे त्याचा हात लागतो. आणि त्यातही माणसाच्या श्रद्धेपेक्षा त्याची शाळा, त्याची गल्ली आणि त्याची ‘आपली माणसं’ यांचं वजन जास्त पडतं.

आदर सगळ्यांचा, मित्र आपल्यातले

आधी आकडे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत देशभरातल्या जवळपास ३० हजार प्रौढांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. अहवाल २०२१ मध्ये आला. सर्व धर्मांचा आदर करणं हे खरा भारतीय असण्यासाठी फार महत्त्वाचं आहे, असं ८४ टक्के लोक म्हणाले. जवळचे मित्र कोण, असं विचारल्यावर मात्र हिंदू आणि मुसलमान दोघांतही दहांपैकी आठांहून अधिक जणांचे सगळे किंवा बहुतेक मित्र स्वधर्मातले निघाले. जवळपास निम्म्यांच्या जवळच्या मित्रांत दुसऱ्या धर्माचं कुणीच नव्हतं. ३६ टक्के हिंदूंना मुसलमान शेजारी नको होता, १६ टक्के मुसलमानांना हिंदू शेजारी नको होता. बायकांनी धर्माबाहेर लग्न करू नये यासाठी त्यांना रोखणं अत्यंत गरजेचं आहे, असं ६७ टक्के हिंदूंना आणि ८० टक्के मुसलमानांना वाटत होतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जिथे हिंदूच जास्त, तिथे हिंदूंचे मित्र हिंदूच असणार. त्यात धर्माचा काय दोष? बुलढाण्यापुरता हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती. त्यात हिंदू साधारण ७१ टक्के, बौद्ध आणि मुसलमान प्रत्येकी साधारण १४ टक्के. चिठ्ठ्या टाकून मित्र वाटले असते, तर इथल्या प्रत्येक हिंदूच्या दहा मित्रांत तिघे बौद्ध किंवा मुसलमान असते आणि प्रत्येक मुसलमानाच्या दहा मित्रांत सातजण हिंदू. प्रत्यक्षात असं चित्र कुणाच्या घरी दिसतं? देशात ज्यांची संख्या अगदी थोडी, त्या शीख आणि जैनांचेही बहुतेक जवळचे मित्र त्यांच्याच समाजातले असल्याचं याच पाहणीत आढळलं. तेव्हा नुसत्या संख्येने हे कोडं सुटत नाही.

मग धर्मग्रंथच दुसऱ्याशी मैत्री करू नका असं सांगतात का? प्रत्येक परंपरेत दोन्ही बाजूंची वचनं काढून दाखवता येतात. कुराणाच्या ६० व्या अध्यायात, जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत त्यांच्याशी चांगुलपणाने वागायला मनाई नाही, असं स्पष्ट आहे. सावध करणारी वचनंही त्याच ग्रंथात आहेत. हिंदू परंपरेत बंधनं श्रद्धेपेक्षा रोटी-बेटीची. बौद्ध परंपरेत कल्याणमित्राला मोठं स्थान, पण तो मित्र धम्माच्या वाटेवरचा. या सगळ्याचा दैनंदिन जगण्याशी संबंध बेताचाच. नांदुऱ्याच्या बसस्टँडवर कुणी ग्रंथ उघडून दोस्त निवडत नाही.

एकाच जत्रेत, वेगवेगळ्या बिऱ्हाडांत

बुलढाण्यात धार्मिक सलोख्याची गोष्ट निघाली की पहिलं नाव येतं सैलानी बाबांचं. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते. दर्गा मुसलमान संताचा, सण हिंदूंचा आणि येणाऱ्या लोकांत हिंदू, बौद्ध, आदिवासी, मुसलमान सगळे. भूतबाधा, मानसिक आजार, घरातली पिडा घेऊन लोक लांबलांबून येतात. कुणाला कुणाचा धर्म विचारायची गरज पडत नाही.

इतिहासाचा दाखला हवा तर सिंदखेडराजा आहेच. तिथल्या लखुजी जाधवांची मुलगी जिजाबाई ज्या घरात पडली, त्या घरातल्या दोन भावांची नावं शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला त्यांचे वडील मालोजी यांनी नवस केला होता, म्हणून ही नावं, असं परंपरा सांगते. पैठणच्या एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे. त्यांना चांद बोधले या सूफीचा अनुग्रह होता असं मानलं जातं, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्यांच्याच परंपरेतले. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तर दोघं एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ खिल्ली उडवतात, कडाक्याने भांडतात आणि शेवटी समेटावर येतात.

हा वारसा खरा आहे; पण त्याला मैत्रीचा पुरावा म्हणून किती ताणायचं? लखुजी जाधव निजामशाहीच्या चाकरीत होते, मध्ये मोगलांकडे गेले, परत आले आणि १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशहाच्याच दरबारात मुलांसह मारले गेले. त्या काळातलं येणं-जाणं वतनाचं, फौजेचं आणि मसलतीचं होतं. त्याला आज सलोखा किंवा वैर अशी पाटी लावली की दोन्हीकडून फसगत होते.

दर्ग्यांच्या बाबतीत अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेडन यांनी २००२ मध्ये एक अडचणीचा मुद्दा मांडला. त्यांच्यासमोर उदाहरण महाराष्ट्रातलंच होतं : नगर जिल्ह्यातली मढी. हिंदूंच्या लेखी ते कानिफनाथांचं स्थान, मुसलमानांच्या लेखी शाह रमजान यांचं. हेडन म्हणाले, दोन समाज एकाच ठिकाणी माथा टेकवतात याचा अर्थ त्यांनी एकमेकांना स्वीकारलं असा होत नाही. कधी कधी तो फक्त ताकदीचा तोल असतो आणि तो ढळला की भांडण वर येतं. त्यांच्यावर बरीच टीका झाली, आणि सगळ्या दर्ग्यांना तोच नियम लावणं बरोबरही नाही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये याच मढीच्या ग्रामसभेत मुसलमान व्यापाऱ्यांना यात्रेत दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव झाला, तेव्हा हेडन यांचं म्हणणं सहज झटकून टाकता येत नाही हे दिसलं.

सैलानीच्या यात्रेत शेजारी उभा राहिलेला माणूस कोण, हे परतीच्या गाडीत बसल्यावर कुणाला आठवत नाही. भक्तीत एकत्र येणं ही चांगलीच गोष्ट, पण मैत्रीला वारंवार भेट लागते, एकमेकांकडे काही काम लागतं, थोडं भांडण लागतं आणि ते मिटवायला निवांत वेळ लागतो.

बाक, बाजार, मैदान

अशा भेटीच्या जागा जिल्ह्यात कोणत्या? सगळ्यात जुनी म्हणजे बाजार. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. लॉर्ड मेयोच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि खामगाव वऱ्हाडातल्या कापसाची मोठी पेठ बनलं. कापूस विकणारा कुणबी, घेणारा मारवाडी किंवा कच्छी, गाडी हाकणारा मुसलमान, हमाली करणारा महार असा तो संसार होता. आजही बाजार समितीत, गुरांच्या बाजारात, मोटार गॅरेजात, भाजीच्या अडतीवर हा मेळ आहे. सलाम वालेकुम, रामराम आणि जयभीम असे तिन्ही नमस्कार एका फेरीत सहज घेणारी-देणारी माणसं इथे घडतात. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार केले : उपयोगाची, मौजेची आणि सद्गुणांची. बाजारातली मैत्री पहिल्या प्रकारातली म्हणून तिला कमी लेखू नये. उधारीवर बियाणं देणारा दुकानदार आणि ते फेडणारा शेतकरी यांच्यातला भरवसा वर्षानुवर्षांचा असतो.

शाळेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. जिल्ह्यातल्या मोठ्या गावांत मराठी आणि उर्दू अशा दोन माध्यमांच्या शाळा आहेत. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मोलाचाच, आणि उर्दू शाळांमुळे कितीतरी मुली शिकल्या. पण त्याची एक किंमत आहे. एकाच गावातली दोन पोरं सहाव्या वर्षी वेगळ्या फाटकांतून आत जातात आणि थेट अकरावीत एका वर्गात येतात. तोवर जिगरी दोस्त ठरून गेलेले असतात. ज्यांना परवडतं ते पोरांना इंग्रजी शाळेत घालतात. तिथे धर्म मिसळतात, पण फी न परवडणारे बाहेर राहतात.

भाषा दुवा कशी होते याचं उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात आहे. साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही मराठीत कविता लिहितात. ‘व्यवहाराचा काळा घोडा’, ‘कल्लोळातला एकांत’ हे त्यांचे संग्रह. मराठी कवितेच्या मंचावर त्यांना कुणी पाहुणा समजत नाही, ते घरचेच. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागेही हाच विचार होता : धर्म वेगळा असला तरी भाषेच्या घरात आपण भाडेकरू नाही.

नुसतं एकत्र आणलं की मैत्री होते का? गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अटी घातल्या होत्या : दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. मॅथ्यू लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट संघ करून हे तपासलं. एकाच संघात खेळलेल्यांच्या इतर जातींतल्या मित्रांची संख्या वाढली. ज्यांच्या वाट्याला दुसऱ्या जातीचे मुख्यतः प्रतिस्पर्धी म्हणून आले, त्यांच्या बाबतीत उलट परिणाम दिसला. सलमा मूसा यांनी इराकमध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान फुटबॉलपटूंवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू पुढेही मुसलमानांबरोबर सराव करत राहिले, पण मैदानाबाहेर, अनोळखी मुसलमानांच्या शहरात जेवायला जाण्याइतका फरक काही पडला नाही. आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धांना हे तंतोतंत लागू आहे. संघाला गल्लीचं नाव दिलं की सामना दोन मोहल्ल्यांचा होतो. संघ गावाचा केला की बॅटिंगला कोण उतरलं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

ताट, खोली, सोयरीक

ओट्यावरून बैठकीत, बैठकीतून स्वयंपाकघरात आणि तिथून सोयरिकीपर्यंत जाताना मैत्री गाळली जाते. त्यातली पहिली चाळणी ताटाची.

या बाबतीत खेड्यांनी आपापली तोड काढली आहे. मुसलमानाघरचं लग्न असलं की बऱ्याच ठिकाणी मांडवाच्या एका कडेला शाकाहारी पंगत वेगळी असते. तिची भांडी वेगळी, चूल वेगळी, आचारी हिंदू. निमंत्रण देतानाच यजमान सांगतो, ‘तुमच्यासाठी स्पेशल आचारी लावला आहे, बिनधास्त या.’ वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. वाढायला मुलाचे चुलते स्वतः उभे. माळकरी पाहुणा निर्धास्त जेवतो, आहेर देतो, नवरदेवाच्या पाठीवर थाप मारतो. शहरी नजरेला यात भेद दिसेल. ताट वेगळं म्हणजे दुरावा. पण खर्च, धावपळ आणि काळजी यजमान घेतो ती पाहुण्याचा नेम मोडू नये म्हणून. इतकी फिकीर परक्यासाठी कुणी करत नाही.

प्रश्न परतफेडीचा आहे. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यातल्या अनेक गावांत मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं ठरवलं. त्याचं कौतुक झालं, ते योग्यच. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, त्याचंही होतं. पण मिरवणुकीचा डीजे नमाजाच्या वेळी मशिदीपुढून मुकाट्याने न्यायचा, एवढी साधी गोष्ट किती मंडळं आपणहून पाळतात? समजूतदारपणा एकाच बाजूच्या खात्यावर चढत राहिला की मैत्रीत हिशेब सुरू होतो.

ताटाची तडजोड जमते, जागेची जमत नाही. जिल्ह्याच्या गावी शिकायला किंवा नोकरीला आलेला तरुण खोली बघायला जातो तेव्हा संवाद ठरलेला. भाडं किती, पाणी कधी येतं, आणि मग सहज विचारल्यासारखं : ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ नाव सांगितल्यावर खोली ‘भाच्यासाठी ठेवली आहे’ हे मालकाला अचानक आठवतं. मांसाहार हे कारण पुढे केलं जातं. पण मटण खाणाऱ्या स्वधर्मीयाला तीच खोली मिळते. वस्त्या अशा आपोआप एकरंगी होत जातात आणि पुढच्या पिढीला शेजारी म्हणूनसुद्धा दुसरा धर्म भेटत नाही. मैत्रीच्या दृष्टीने सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

तिसरी चाळणी सोयरिकीची, आणि तिथे बहुतेक मैत्र्या थांबतात. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी सहभोजनाची मर्यादा दाखवली होती. एकत्र जेवल्याने जात मोडत नाही. रक्ताची नाती जुळल्याशिवाय आपलेपणा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला लाखो लोक एका वेळी जमिनीवर बसून पुरी आणि वांग्याची भाजी खातात. शेजारी कोण, हे कुणी पाहत नाही. पण त्या पंगतीतून उठलेली माणसं मुलीसाठी स्थळ शोधताना आपल्याच पोटजातीची वही उघडतात.

धर्माच्या नावाखाली जात

इथे बुलढाण्याचं वेगळेपण लक्षात घ्यावं लागतं. धर्मभेद म्हटलं की डोळ्यांपुढे हिंदू-मुसलमान येतात, पण या जिल्ह्यात बौद्ध जवळपास मुसलमानांइतकेच आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या आंबेडकरांच्या बौद्ध दीक्षेनंतर वऱ्हाडातल्या गावोगावच्या महारवाड्यांनी धर्म बदलला. देव्हाऱ्यातल्या मूर्ती गेल्या, विहार उभे राहिले, शिक्षणाने पोरं पुढे गेली. शेजाऱ्यांच्या मनातली जात मात्र तशीच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, याचाच अर्थ तोवर ती कागदोपत्री चालू होती.

बौद्ध आणि हिंदू तरुणांच्या खाण्यापिण्यात फरक नाही, भाषा एक, शाळा एक, बोलीचे हेलसुद्धा सारखे. मग उंबऱ्यावर अडखळायला काय होतं? इथे आड येणाऱ्या गोष्टीचा श्रद्धेशी संबंध नाही, ती जात आहे. उलट मुसलमान मित्राच्या बाबतीत ‘त्यांचा धर्मच वेगळा’ असं म्हणून दुराव्याला एक सभ्य कारण देता येतं. ‘धर्म मैत्रीच्या आड येतो का’ या प्रश्नाच्या पोटात आपल्याकडे नेहमी जात दडलेली असते. ती न पाहता दिलेलं उत्तर अपुरंच राहणार.

बायकांच्या वाटा

या विषयावर लिहिलं जातं ते बहुतेक पुरुषांच्या मैत्रीबद्दल, कारण चहाची टपरी, मैदान, बाजार समिती या पुरुषांच्या जागा. बायकांची ओळख होते ती नळावर, दवाखान्याच्या रांगेत, शिवणाच्या क्लासात आणि अलीकडे बचत गटात. गटाचं कर्ज सगळ्यांच्या जबाबदारीवर असतं, म्हणून हप्ता भरायला दहा घरांच्या बायकांना एकमेकींची अडचण समजून घ्यावी लागते. ऑलपोर्टच्या अटी इथे आपोआप पुऱ्या होतात. मिश्र वस्तीतला गट असेल तर एकीच्या घरचा शिरखुर्मा आणि दुसरीकडची पुरणपोळी पदराआडून इकडची तिकडे होते, आणि त्याचा गाजावाजा होत नाही.

मुलगा आणि मुलगी यांच्या आंतरधर्मीय मैत्रीची वाट मात्र बंद होत चालली आहे. १३ डिसेंबर २०२२ ला राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’वर कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. फसवणूक झाली तर कायदा हवाच. पण कॉलेजच्या कँटीनमध्ये एका टेबलावर बसलेल्या दोघांचा फोटो कुणी काढून ग्रुपवर टाकेल, या धास्तीने वर्गमैत्रीसुद्धा आखडते. त्याची झळ मुलींना जास्त बसते. शिक्षण थांबतं ते त्यांचं.

तापलेले दिवस

एरवी ठीक चाललेली मैत्री तणावाच्या दिवसांत काय करते? अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये हिंसाचार झाला. अकोल्यात निमित्त समाजमाध्यमावरच्या मजकुराचं होतं आणि एकाचा जीव गेला. दोन्ही शहरं बुलढाण्याला लागून असलेल्या टापूतली, सोयरेधायरे असलेली.

आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा जोड्या घेऊन २००२ मध्ये दाखवलं की लहान गावात रोजची उठबस शांतता टिकवायला पुरते. शहर वाढलं की ती पुरत नाही. तिथे दोन्ही धर्मांचे लोक असलेल्या संघटना लागतात : व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब. महाराष्ट्रातला दाखला भिवंडीचा. १९८४ मध्ये ती भीषण पेटली होती. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. नळ, गटार, किरकोळ भांडणं यांवर दोन्ही समाज नियमित बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. खामगाव, मलकापूर, शेगाव ही गावं आता त्या मधल्या टप्प्यावर आहेत : सगळ्यांना सगळे ओळखतील इतकी लहान राहिली नाहीत आणि संघटना उभ्या राहाव्यात इतकी शहरीही झालेली नाहीत.

संकटात उलटही घडतं. कोरोनाच्या लाटेत स्वतःची माणसं प्रेताला हात लावायला धजत नव्हती, तेव्हा अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या स्वयंसेवकांनी कितीतरी हिंदू मृतांवर त्यांच्या रीतीने अंत्यसंस्कार केले.

आज मैत्रीची खरी कसोटी हातातल्या फोनवर लागते. दहावीच्या बॅचचा ग्रुप. त्यात चाळीस नावं, पाच-सहा मुसलमान, आठ-दहा बौद्ध. सकाळी सुविचार, दुपारी सोयाबीनचे भाव, रात्री कुणीतरी पुढे ढकललेला विषारी व्हिडिओ. ज्याच्याविषयी तो आहे तो गप्प राहतो, दोन दिवसांनी निमूट बाहेर पडतो. बाकीचे पस्तीस जण सज्जन असतात. त्यांना तो व्हिडिओ आवडलेला नसतो आणि त्यांनी काही लिहिलेलंही नसतं.

किंमत कुणी मोजली

१८४८ मध्ये जोतीराव फुले एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत गेले. मित्राने प्रेमाने बोलावलं होतं; अपमान केला तो वरातीतल्या लोकांनी. दोघांच्या मैत्रीत जात नव्हती, वरातीत होती. त्याच फुल्यांना पुढे सदाशिव गोवंडे, मोरो वाळवेकर यांच्यासारख्या ब्राह्मण मित्रांनी शाळांच्या कामात साथ दिली. वडिलांनी घराबाहेर काढलं, तेव्हा गंजपेठेत उस्मान शेख यांनी राहायला जागा दिली. १९२७ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धच्या महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या मांडवाला कुणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. कायस्थ सुरेंद्रनाथ टिपणीस आणि ब्राह्मण गंगाधर सहस्रबुद्धे त्या लढ्यात आंबेडकरांबरोबर होते. या माणसांनी मित्राचा धर्म स्वीकारला नाही, आपला सोडला नाही. आपल्याच लोकांचा रोष मात्र पत्करला.

एक प्रामाणिक प्रतिवाद नोंदवायला हवा. श्रद्धाळू माणसाला स्वधर्मीयाजवळच जास्त मोकळं वाटू शकतं. वारीला सोबत चालणारा, रमजानात तरावीहच्या नमाजाला शेजारी उभा राहणारा, धम्मावर रात्रभर बोलणारा मित्र वेगळ्या धर्मात कसा मिळणार? त्यात वावगं काही नाही. सगळे मित्र एकाच धर्माचे असणं हा गुन्हाही नाही. अडचण येते ती दुसऱ्या धर्माचा एकही माणूस जवळून माहीत नसताना अख्ख्या समाजाविषयी ठाम मत असण्यात. आणि ज्या मैत्रीत धर्म हा विषयच वर्ज्य असतो तीही कच्ची. एकनाथांच्या संवादातले दोघं निदान तोंडावर भांडले होते.

तेव्हा फरक पडतो का? पडतो. शाळा, वस्त्या आणि भाड्याच्या खोल्या वेगळ्या होत गेल्या तर आणखी पडेल, कारण ओळखच झाली नाही तर मोठ्या मनाचा उपयोग कुणावर करणार? गाव-शाळेचा पट मिश्र राहील हे पाहणं, संघ गल्लीचा न करता गावाचा करणं, पूर्ण नाव न विचारता खोली देणं, ही कामं भाषणांपेक्षा जास्त मैत्र्या जुळवतील. आणि जुळलेली मैत्री पक्की किती, हे मित्राच्या ईदेला गेल्याने कळत नाही. तो हजर नसताना, आपल्याच माणसांच्या घोळक्यात त्याच्या लोकांविषयी वाईट बोललं जातं, तेव्हा ‘बस कर’ म्हणायला आपलं तोंड उघडतं का, यावरून कळतं. ‘दोस्तीत कायचा धर्म’ म्हणणाऱ्याने तेवढं एक वाक्य ग्रुपवर लिहिलं, की त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.